न पाहिलेल्या बेटाची माहिती

ऑक्टोबर लागला की क्योतोत एक वास सुटतो. झाड दिसत नाही, फूल तर मुळीच दिसत नाही. सायकलवरून गल्लीच्या वळणावर आलं की अचानक नाकात काहीतरी गोड, जरा जर्दाळूसारखं शिरतं. किन्मोकुसेई म्हणतात त्या झाडाला. केशरी, मोहरीपेक्षा जेमतेम मोठी फुलं. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं की शेजारच्या बाईंनी उदबत्ती लावली आहे, आणि मी त्यांना तसं विचारलंही होतं. आता विचारत नाही. आता हा वास आला की मला एवढंच कळतं, की फोन सुरू होणार.

फोन बहुतेक ग्योतोकुहून येतात. तोक्योला खेटून असलेलं ते उपनगर. तिथे आपली बरीच मंडळी राहतात, पुण्या-मुंबईहून कंपनीच्या कामावर आलेली, लेकराबाळांसकट. त्यांच्यात कुणीतरी कुणाला तरी सांगितलेलं असतं, की क्योतोला विद्यापीठात भाताच्या मुळांवर संशोधन करणारी एक ताई आहे, तिला त्या ऑलिव्हच्या बेटाची खडानखडा माहिती आहे. मग प्रश्न येतात. शाकाहारी मिळतं का? सासूबाईंचे गुडघे दुखतात, चढ किती आहे? बाबागाडी बसमध्ये चढते का? ग्रीसला जायचं होतं, पण सुट्टी पुरत नाही, तर हे त्याच्या जवळपास जाईल का? या शेवटच्या प्रश्नाला मी जरा थांबते. बाकीच्यांची उत्तरं देते.

तर ऐका. बेटाचं नाव शोदोशिमा. चहूकडून जमिनीनं वेढलेल्या शांत समुद्रात आहे, पाऊस बेताचा, ऊन भरपूर, म्हणून जपानात ऑलिव्ह धरलं ते तिथे. जपानी लोक त्याला कौतुकानं आपलं भूमध्य समुद्रातलं बेट म्हणतात. पूल नाही, बोटीनंच जायचं. क्योतोहून ओकायामापर्यंत शिनकानसेन, तिथून बंदराची बस, मग बोट. बोटीत वरच्या डेकवर उजव्या हाताला बसा, सकाळचं ऊन तोंडावर येत नाही आणि छोटी बेटं त्याच बाजूनं जातात. उतरल्या उतरल्या फोटो काढत बसू नका. आधी परतीच्या बसची वेळ बघा, कारण एक बस चुकली की पुढची येईपर्यंत माणूस म्हातारा होतो. सुटी नाणी जवळ ठेवा. सोमेन म्हणजे तिथल्या शेवया, त्या शाकाहारी असतात, पण त्या ज्या पाण्यात बुडवून खातात ते माशाचं, तेव्हा डबा घरून न्या. कचऱ्याची पेटी शोधत हिंडू नका, मिळणार नाही, पिशवीत घालून परत आणा. आणि झाडावरचं ऑलिव्ह तोंडात घालू नका. कितीही आवळ्यासारखं दिसलं तरी घालू नका.

हे मी इतक्या ठामपणे सांगते की समोरचं माणूस मुकाट्यानं लिहून घेतं. खरी गोष्ट अशी, की त्या बेटावर मी आजतागायत पाऊल ठेवलेलं नाही. ही सगळी माहिती माझ्या आईची. तिनं ती एका दिवसात गोळा केली, आणि त्या दिवशी तिचं निगडीचं घर पणाला लागलेलं होतं.

बाबा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षीचा हा ऑक्टोबर. आई निगडीच्या फ्लॅटमध्ये एकटी राहत होती आणि तिचं उत्तम चाललं होतं, असं तिचं म्हणणं. बंगळूरला असलेल्या सुहासदादाचं, माझ्या मोठ्या भावाचं, म्हणणं वेगळं होतं. त्या उन्हाळ्यात एकदा आई दूध गॅसवर ठेवून, दाराला कुलूप लावून भाजी आणायला गेली. शेजाऱ्यांना वास आला, आरडाओरडा झाला, एक पातेलं कामातून गेलं. बाकी काही नाही. पण दादा त्या दिवशी घाबरला तो घाबरलाच. आईनं आता बंगळूरला यायचं आणि घर विकायचं, असं त्यानं ठरवून टाकलं, गिऱ्हाईकही बघून ठेवलं. तो वाईट नाही हो. आईच्या बाबतीत तो लहानपणापासून भित्रा आहे, आणि घाबरला की तो फार व्यवहारी बोलायला लागतो. मीही त्याच्याच बाजूची होते. इतक्या लांबून काळजी करायची तर निदान आई दादाच्या नजरेसमोर असलेली बरी, असा माझा हिशेब. आईला मी जपान दाखवायला बोलावलं हे खरं, पण तिला गोडीगुलाबीनं राजी करायची कामगिरी दादानं माझ्यावर सोपवली होती, हेही तितकंच खरं.

आई आली ती मेतकूट, चटण्या आणि माझ्या घराबद्दलच्या तक्रारी घेऊन. पहिली तक्रार केरसुणीची. घरभर शोधलं तिनं. कपाटातला व्हॅक्युम क्लीनर दाखवला, तर म्हणाली की यंत्रानं केर जाईल गं, पण लक्ष्मीपूजनाला काय मांडणार? दिवाळी तोंडावर आली होती. आमच्याकडे त्या संध्याकाळी नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतात. एरवीही तिला पाय लागला तर नमस्कार करायचा, हे आमच्या अंगात चालायला लागल्यापासून भिनलेलं. मी म्हटलं, बघू. 'बघू' म्हणजे 'नाही' हे आई पुरतं ओळखून आहे.

सकाळी चहाचा कप घेऊन ती गॅलरीत उभी राहायची. समोरच्या घरातल्या आजी दारापुढची पानं झाडत असायच्या. एक पान पडलं की ते एक झाडायचं, मग पुढचं पडायची वाट बघायची. आईला त्या फार आवडल्या. देवळातही तिनं म्हातारी माणसं अंगण झाडताना पाहिली, ती पगारी नाहीत, आपणहून येतात, हे मी तिला सांगितलं होतं. हे सांगितलं नसतं तर पुढचं झालं नसतं. चार दिवसांत आई समोरच्या आजींशी बोलायला लागली, मराठीत. जपानी तिला एकच शब्द येत होता, सुमिमासेन. माफ करा, अहो ऐकता का, जरा सरका, आभारी आहे, या सगळ्याला तो चालतो, हे तिनं लगेच हेरलं. आधी सुमिमासेन म्हणायचं आणि मग सरळ निगडीच्या मंडईत बोलावं तसं बोलायचं. समोरचा जपानीत उत्तर द्यायचा. दोघांचं छान जमायचं. मीच मधे भाषांतर करायला गेले की घोटाळा व्हायचा.

आणि मग स्टेशनवरचं ते पोस्टर. निळा समुद्र, टेकडीवर पांढरीशुभ्र पवनचक्की, भोवती राखाडी हिरवी झाडं. आई त्याच्यासमोर थबकली. मीही थबकले, कारण निगडीच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या शेजारी, अगदी असंच चित्र आहे. बाबांना कारखान्यातून मिळालेलं भूमध्य समुद्रातल्या बेटांचं कॅलेंडर. वर्ष संपलं तरी तेवढं एक पान बाबांनी काढू दिलं नाही. रिटायर झालो की आपण इथे जायचं, असं ते फोडणीच्या धुरातून त्या पानाकडे बोट दाखवून म्हणायचे. ते रिटायर झाले. मग दादाचं लग्न आलं, मग माझी पीएचडी, मग त्यांचं हृदयाचं दुखणं. चित्र तेलकट होत गेलं. आईनं ते उतरवलं नाही आणि त्याबद्दल कधी बोललीही नाही. मी तिला सांगितलं की हे ग्रीस नव्हे, जपानच आहे, पण ही पवनचक्की ग्रीसमधल्या एका बेटाच्या मैत्रीखातर बांधलेली आहे. मला वाटलं, आता हिचे डोळे भरून येणार. मी पिशवीत रुमाल चाचपला.

आईनं विचारलं, इथे जायला किती वेळ लागतो?

मी म्हटलं, रविवारी नेते. ती म्हणाली, नेऊ नकोस. मी जाईन. मला आधी गंमत वाटली, मग राग आला. घरी येऊन जेवायला बसलो, दादा रोजच्यासारखा फोनच्या पडद्यावर होता आणि गिऱ्हाईक थांबायला तयार नाही असं काहीतरी सांगत होता. आईनं भाताचा घास खाली ठेवला.

"सुहास, मी इथल्या एका बेटावर एकटी जाते आणि एकटी परत येते. आले, तर घर विकायचं नाव काढायचं नाही. नाही जमलं, तर किल्ल्या तुझ्या हातात देते."

दादा हसला. मग आई हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. तिथली भाषा येत नाही, रस्ते माहीत नाहीत, तुझं वय काय, असं तो बरंच बोलला. आई म्हणाली, निगडीत भाषा येते, रस्ते पाठ आहेत, तिथेही तू मला एकटीला सोडायला तयार नाहीस, मग इथेच काय ते बघून घे. आणि मग ती एक गोष्ट बोलली जी मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. म्हणाली, मला जन्मभर नेलं आणि आणलं. खिडकीशी बसवलं, हातात पाण्याची बाटली दिली, उतरायचं आलं की सांगितलं. कुणी वाईट वागलं नाही. पण तिकीट माझ्या हातात कधी नव्हतं. दादा बरं म्हणाला. तिला ते जमणार नाही याची त्याला खात्री होती, आणि खरं सांगायचं तर मलाही होती.

मग मी माहिती जमवायला बसले. संशोधनाच्या कामात मी जेवढी काटेकोर नाही तेवढी त्या दिवशी झाले. एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला जपानीत: कुठली गाडी, कुठला फलाट, बंदराची बस कुठून सुटते, बोटीचं तिकीट कसं मागायचं, मासे नको कसं म्हणायचं, हरवले तर काय दाखवायचं. आईनं ते चष्मा लावून वाचलं आणि हरवले तर काय करायचं ही ओळ पेनानं खोडली. फोनवर ती कुठे आहे ते मला दिसत राहील अशी सोय मी हळूच करून ठेवली होती. ती तिनं समोर बसवून काढायला लावली. ठरलं ते असं: जाताना बोटीत बसली की एक फोन, येताना बोटीत बसली की एक. मधे कुणी कुणाला त्रास द्यायचा नाही.

त्या सकाळी क्योतो स्टेशनच्या गेटपाशी मी तिला सोडलं. तिनं मला फलाटापर्यंत येऊ दिलं नाही. सुती साडी, खाली माझे खेळाचे बूट, वर माझं जाकीट, खांद्याच्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. गेटमधून तिकीट आत गेलं आणि पलीकडून बाहेर आलं. ते घ्यायला ती विसरली नाही, उलट मागे वळून मला दाखवलं. मग गर्दीत चालत गेली. पुन्हा वळली नाही.

पहिला फोन वेळेवर आला. बोटीत बसले, उजवीकडे बसले, ठेवते. एवढंच. मी दिवसभर मुळं धूत बसले. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मोरी-साननी विचारलं तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, त्या बेटावर सगळी म्हातारीच माणसं आहेत, ती बघतील तुमच्या आईकडे. मला तेवढ्यानं कसलं बरं वाटणार? दादा दर थोड्या वेळानं विचारत होता, आला का फोन. मी त्याला मधे त्रास द्यायचा नाही असं ठरलंय म्हणून झापत होते आणि स्वतः फोन उलटा ठेवून परत सुलटा करत होते.

त्या दिवशी बेटावर काय काय झालं ते आईनं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना. अजूनही फोनवर कधीतरी एखादा नवा तुकडा निघतो. त्यामुळे मला ते बेट सलग दिसत नाही. गोधडी उलगडावी तसं दिसतं, इथे एक चौकोन, तिथे एक.

एक चौकोन तोडणीचा. बायका-पुरुष कमरेला टोपल्या बांधून, हातमोजे घालून एकेक फळ हातानं तोडत होते. काठीनं झोडपत नव्हते, याचं आईला भारी कौतुक. ती बराच वेळ बघत राहिली म्हणून एका बाईंनी तिच्या तळहातावर एक हिरवं ऑलिव्ह ठेवलं, बघायला. आता आमच्याकडे झाडावरून उतरवलेलं हिरवं, गोल, टणक फळ कुणी हातावर ठेवलं तर त्याचं काय करतात? आईनं ते तोंडात टाकलं. बाईंनी घाईघाईनं दोन्ही हातांची फुली करून दाखवली, पण तोवर आईनं चावलं होतं. समोर माणूस उभं असताना थुंकायचं कसं, म्हणून तिनं ते गिळलं. कारल्याचा रस बरा, असं ती अजून म्हणते. त्या बाई पोट धरून हसल्या, मग खुणा करून दाखवलं की पुष्कळ दिवस धुवायचं, पाणी बदलायचं, मग मीठ. आईचं समाधान झालं. म्हणजे लोणचंच की, म्हणाली.

दुसरा चौकोन पवनचक्कीचा. हा मला नीट दिसतो, कारण त्याचा फोटो आहे. तिथे आलेल्या लोकांसाठी झाडू ठेवलेले असतात. कुणीही न्यावा आणि परत आणून ठेवावा. पोरं ते दोन पायांत धरून पवनचक्कीसमोर उंच उडी मारतात आणि फोटो काढतात, चेटकिणीसारखं हवेत उडाल्याचा. आईला हे कुठून माहीत असणार? तिनं बघितलं की नव्या बांधणीचे झाडू ओळीनं ठेवले आहेत आणि येणारी माणसं एकेक उचलून नेताहेत. देवळातली, दारापुढची, आपणहून झाडणारी माणसं तिला आठवली. किती चांगली पद्धत, असं मनाशी म्हणून तिनं एक झाडू उचलला आणि पवनचक्कीपुढची पानं झाडायला घेतली. पदर कमरेला खोचून. उड्या मारणारी पोरं दिसली तेव्हा ती वात्रट वाटली तिला. केरसुणीवर बसतात म्हणजे काय! एकीला तिनं सुमिमासेन म्हणून मराठीत दटावलंसुद्धा. ती मुलगी बिचारी कंबरेत वाकून नमस्कार करून बाजूला झाली, आणि थोड्या वेळानं तिनं आणि तिच्या मैत्रिणीनंही पानं गोळा करायला घेतली. फोटो तिनंच काढला, आईच्या फोनवर. मागे निळा समुद्र, पांढरी पवनचक्की, तिघंचौघं झाडूवर बसून हवेत, आणि मधोमध माझी आई, पाय जमिनीवर, मान खाली, झाडते आहे. बाबांनी हा फोटो बघितला असता तर त्यांना हसता हसता ठसका लागला असता. मला मात्र तो बघताना पहिल्यांदा बाबांची इतकी आठवण आली की मी फोन आईच्या हातात परत दिला.

या झाडझुडीत बस चुकली. थांब्यावर एक आजी बसलेल्या होत्या. त्यांनी आईला एक हिरवट मिकान दिलं, आपल्या संत्र्यासारखंच असतं ते, आईनं त्यांना चटणी लावलेली दशमी दिली. आजींनी ती चिकाटीनं खाल्ली आणि मग बरंच पाणी प्यायल्या. बस आली तेव्हा ऊन उतरलं होतं. बंदराजवळच्या एका दुकानाच्या दारात आईला हातभर लांबीच्या केरसुण्या टांगलेल्या दिसल्या. ती उतरली. दिवाळी तोंडावर होती ना. ती घेऊन धक्क्यावर पळत आली तर बोट उभीच. शाळेची मुलं रांगेनं चढत होती, तीही चढली. बोट सुटली. आता दुसरा फोन करायचा म्हणून तिनं पिशवीत हात घातला आणि मग थांबली, कारण जाताना उजवीकडे दिसलेली बेटं आता डावीकडून यायला हवी होती, आणि ती काही येईनात.

त्या बेटाच्या एकाच बंदरातून दोन बोटी सुटतात. एक ओकायामाला, उत्तरेला. दुसरी ताकामात्सुला, दक्षिणेला, दुसऱ्याच बेटाच्या किनाऱ्यावर. माझ्या कागदावर हे नव्हतं. मला वाटलंच नव्हतं की ते लिहावं लागेल.

इकडे मी संध्याकाळी स्टेशनवर येऊन उभी होते. दुसरा फोन आला नव्हता. ठरलेली गाडी आली, तिच्यातली माणसं गेटमधून बाहेर पडली, संपली. पुढची आली, संपली. मी फोन लावला, तिनं घेतला नाही. दादा तिकडून ओरडत होता की तू तिला पाठवलीसच कशी, पोलिसांना सांग, आत्ताच्या आत्ता सांग. मी चौकीकडे चालायला लागले आणि परत फिरले. तेवढ्यात ती आली तर? गेटपाशी मी नसले तर तिला काय वाटेल? आणि खरं सांगू, त्या गोंधळातही मला पहिल्यांदाच असं वाटलं की तिनं जिंकावं. घराचं काय व्हायचं ते होवो, किल्ल्या कुणाकडेही राहोत, पण या गेटमधून ती कुणी न आणता यावी.

आली. गर्दी ओसरल्यावर सावकाश आली. बगलेत केरसुणी, साडीच्या निऱ्यांवर धूळ, केसांत एक ऑलिव्हचं पान अडकलेलं. तिकीट गेटमध्ये घातलं, आणि या वेळी ते परत येत नाही म्हणून क्षणभर वाट बघत उभी राहिली. मग बाहेर आली. मी तिला मिठी मारली आणि लगेच भांडायला लागले.

"फोन का नाही केलास?"

"बोट चुकली होती."

"अगं, मग तर करायचास!"

"तुला सांगितलं असतं तर तू धावत आली असतीस. मग मी एकटी कसली आले असते?"

बोटीतल्या माणसाला तिनं सुमिमासेन म्हणून माझा कागद दाखवला होता. त्यानं ओकायामा वाचून कपाळावर हात मारला, आणि मग त्याच कागदावर चित्रं काढून दिली: बोट, चालणारा माणूस, गाडी, पूल. त्या चित्रांवरून ती ताकामात्सुच्या स्टेशनात गेली, समुद्रावरचा तो लांबलचक पूल गाडीनं ओलांडला, ओकायामाला आली आणि तिथून घरी. मी जमवलेल्या माहितीतली एकही ओळ परत येताना तिच्या उपयोगी पडली नाही.

दादा अजून फोनवर होता. चुकीच्या बोटीत बसली एवढंच त्याच्या डोक्यात शिरलं. बघ, मी म्हणत नव्हतो, असं तो मला सांगायला लागला, हेच निगडीत झालं तर? आईनं माझ्या हातातून फोन घेतला. स्टेशनातला गलका चालूच होता, पण तिचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"चुकेन, सुहास. पण माझ्या घरात चुकेन. चुकल्यावर परत यायला मला येतं, ते आज बघितलंस ना?"

दादानं विचारलं, जेवलीस का? त्यावरून आम्हा दोघींना कळलं की घराचा विषय संपला.

लक्ष्मीपूजनाला ती बेटावरची केरसुणी पाटावर मांडली. हळदकुंकू वाहिलं, समोर लाह्या-बत्तासे नव्हते म्हणून तांदळाच्या जपानी पापड्या ठेवल्या. समोरच्या आजींना आईनं बोलावून आणलं होतं. त्या केरसुणीपुढे हात जोडून बसल्या, काही विचारलं नाही. झाडायच्या वस्तूपुढे हात जोडणं त्यांना मुळीच विचित्र वाटलं नसावं. थोड्या दिवसांनी आई निगडीला परत गेली, आणि आजही तिथेच आहे. दूध तापवताना आता ती कुलपाची किल्ली शेगडीच्या कडेला ठेवते, म्हणजे गॅस बंद केल्याशिवाय बाहेर पडताच येत नाही. ही युक्ती तिची तिनंच काढली. कॅलेंडरचं तेलकट पान फ्रिजजवळ अजून आहे. त्याच्या शेजारी झाडतानाचा फोटो लावला आहे, आणि दादा तिकडे गेला की त्याच्यासमोर उभा राहून चहा पितो.

या वर्षी वास नेहमीपेक्षा उशिरा सुटला. उन्हाळा लांबला होता. पहिला फोन आला तो ग्योतोकुच्या एका नव्या मुलीचा, नवऱ्याच्या नोकरीबरोबर आलेली. तिनं सगळी माहिती लिहून घेतली आणि सहज विचारलं, ताई, तुम्हाला स्वतःला तिथलं काय सगळ्यात आवडलं? पवनचक्की म्हणायला मी तोंड उघडलं, पण ती तर आईची होती. मी इथे इतकी वर्षं राहते. त्सुकुबाला परिषदेला गेले, तोक्योला कामाला गेले, जिथे कुणी बोलावलं, पाठवलं, तिकीट काढून दिलं तिथे गेले. वेळ नाही म्हणते. रोपं आहेत, कराराची मुदत आहे, हे आहे, ते आहे. बाबाही असंच म्हणायचे. त्या मुलीला मी खरं ते सांगून टाकलं. ती म्हणाली, तरी पण माहिती बरोबर आहे ना? मी म्हटलं, माहिती शंभर टक्के बरोबर आहे.

फोन ठेवला आणि येत्या शनिवारचं तिकीट काढलं. मग निगडीला फोन लावला. आई एकदम कामाला लागली. उजवीकडे बस. सुटे पैसे घे. दशम्या तुला जमायच्या नाहीत, निदान धपाटे कर. त्या दुकानात मोठी केरसुणीही मिळते, पण तुझ्याकडची अजून चांगली असेल तर घेऊ नकोस. झाडू दिसला की झाड, लाजू नकोस. आणि त्या बंदराच्या जवळ म्हणे ओहोटीला समुद्रातून वाळूची वाट वर येते, चालत पलीकडच्या बेटावर जाता येतं. तेवढं माझं बघायचं राहिलं, पाणी चढलेलं होतं. तू वेळ बघून जा, चालून ये आणि मला सांग. मी म्हटलं, तिथूनच फोन लावते, दाखवते तुला.

"नको," आई म्हणाली. "तू बघ. परत आल्यावर सांग. आणि हे बघ, बोट चुकली तर मला फोन करू नकोस."